लडाखचा लोसर आणि ओळीतली जागा

बौद्धांचे नवे वर्ष केव्हा सुरू होते, असा प्रश्न कुणी विचारला तर आपल्यापैकी बहुतेक जण थोडे थांबतील. आपल्याकडे १४ एप्रिल आहे, बुद्धपौर्णिमा आहे, अशोक विजयादशमी आहे. पण वर्षाचा पहिला दिवस म्हणून आपण १ जानेवारीच मानतो, आणि त्या दिवशी आपली पावले भीमा कोरेगावकडे वळतात. हिमालयातल्या बौद्धांचे मात्र स्वतःचे नवे वर्ष आहे. त्याला लोसर म्हणतात. 'लो' म्हणजे वर्ष आणि 'सर' म्हणजे नवे. तिबेटी पंचांगाच्या पहिल्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये, तिबेटी लोक तो साजरा करतात. लडाखचे बौद्ध मात्र दोन महिने आधीच, अकराव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, ऐन थंडीत नवे वर्ष सुरू करतात. २०२३ साली तो दिवस १३ डिसेंबरला आला. त्या लोसरला मी आणि माझी पत्नी लेहला होतो. तिथे जे पाहिले, जे खाल्ले, आणि जे मनाला टोचले, ते या पानाच्या वाचक बंधू-भगिनींपुढे ठेवतो.

दोन महिने आधी का, याची तिथे एक कथा सांगतात. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला जामयांग नामग्याल नावाचा राजा लडाखवर राज्य करीत होता. त्याला बाल्टिस्तानवर स्वारी करायची होती. नवे वर्ष उजाडण्यापूर्वी स्वारीवर निघणे शुभ नाही, असा सल्ला त्याला मिळाला. राजाला थांबायचे नव्हते. त्याने नवे वर्षच अलीकडे ओढले आणि सण उरकून तो लढाईला निघाला. एवढा मुहूर्त पाहून गेलेला राजा लढाईत हरला आणि स्कर्दूच्या अली मीरच्या कैदेत पडला. पुढे अली मीरने आपली मुलगी ग्याल खातून त्याला देऊन परत पाठवले. तिचाच मुलगा सेंगे नामग्याल, ज्याच्या नावावर लेहचा नऊ मजली राजवाडा आहे. मुहूर्त पाहणाऱ्यांनी या कथेतून काय घ्यायचे ते घ्यावे! अभ्यासकांचे दुसरेही मत आहे. पिके निघाल्यावर रान मोकळे असते तेव्हा शेतकऱ्यांनी नवे वर्ष मांडण्याची चाल तिबेटच्या काही भागांत आणि सिक्कीममध्येही आहे, लडाखचा लोसर त्यातलाच असावा. मला हे अधिक पटते. पण लोक राजाचीच कथा सांगतात, कारण ती सांगायला गोड आहे.

आमचे जाणे ठरले बुद्धगयेत. तिथल्या एका धर्मशाळेत आमच्या शेजारच्या खोलीत लेहचे एक गृहस्थ सहकुटुंब उतरले होते. सरकारी कचेरीतून लेखनिक म्हणून निवृत्त झालेले. दोन कारकून एकत्र आले की काय बोलतात ते सांगायला नको! पेन्शन, महागाई भत्ता, सेवापुस्तिका. निघताना ते म्हणाले, "लडाखला सगळे उन्हाळ्यात येतात. तुम्ही लोसरला या. आमच्या घरी या." मी पतपेढीत आवर्ती खाते उघडले आणि दोन वर्षांनी विमानाची तिकिटे काढली.

हिवाळ्यात विमानाला पर्याय नाही. श्रीनगरकडून येणारा रस्ता झोजिला घाटातून येतो, मनालीचा रस्ता त्याहून उंच घाटांतून. बर्फ पडू लागले की दोन्हींचा भरवसा नसतो. आम्ही ६ डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलवर होतो. रात्री स्टॉल आवरला, तसेच विमानतळ गाठले, मध्यरात्री दिल्ली आणि पहाटेच्या विमानाने लेह. सव्वा तासाच्या या प्रवासात खाली नुसते पांढरे डोंगर. उतरलो त्या विमानतळाचे नाव वाचून बरे वाटले: कुशोक बकुला रिम्पोचे विमानतळ. हे भिक्खू लडाखचे खासदार होते, अल्पसंख्याक आयोगाचे सदस्य होते, आणि पुढे १९९० ते २००० अशी दहा वर्षे मंगोलियात भारताचे राजदूत होते. चीवर घालून राजदूतपद सांभाळणारा माणूस आपल्या देशात होऊन गेला, हे आपल्या किती मुलांना ठाऊक आहे?

लेह समुद्रसपाटीपासून सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. समुद्राकाठच्या माणसाने तिथे उतरून लगेच हिंडायला लागणे धोक्याचे असते. यजमानांनी आम्हाला घरात नेले, गाद्यांवर बसवले आणि हुकूम सोडला: "दोन दिवस काही करायचे नाही. चालायचेही हळू, जेवायचे कमी, पाणी भरपूर." डोके जड होते, दोन पायऱ्या चढल्या तरी धाप लागत होती. ज्यांना दम्याचा, हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा बेत करू नये. तान्ही मुले घेऊन तर हिवाळ्यात जाऊच नये.

त्याच संध्याकाळी गाल्दन नामचोट होता. गेलुग परंपरेचे संस्थापक त्सोंगखापा यांच्या स्मृतीचा हा दिवस, आणि लडाखच्या सणाची सुरुवात इथूनच होते. आम्हाला बाहेर पडायची बंदी होती, म्हणून खिडकीपाशी रजया गुंडाळून बसलो. अंधार पडला तसे घरांच्या गच्च्यांवर, भिंतींवर, दूर टेकडीवरच्या गोम्पावर दिवे उजळू लागले. काही लोण्याचे, बरेचसे विजेचे. पत्नी म्हणाली, "काल आपण चैत्यभूमीवर मेणबत्त्या लावत होतो, आज इथे दिवे." तेवढेच बोलली. मग दोघेही गप्प बसून बघत राहिलो.

आता थंडीविषयी, कारण घरी आल्यावर सगळ्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. दिवसा ऊन असते, स्वच्छ आणि झोंबणारे. लडाख हे थंड वाळवंट आहे, वर्षभरात पाऊस-बर्फ मिळून जेमतेम शंभर मिलिमीटर. सूर्य डोंगरामागे गेला की मात्र पारा शून्याखाली दहा-पंधरा अंश सहज उतरतो. नळ गोठतात, म्हणून ते आधीच बंद करून ठेवतात. पाणी बादलीने आणायचे आणि स्वयंपाकघरात ठेवायचे. संडास कोरडा: वरच्या खोलीत मातीच्या जमिनीला भोक, शेजारी मातीचा ढीग आणि फावडे. काम झाले की फावडाभर माती खाली लोटायची. पुढे त्याचेच शेतात खत होते. मुंबईच्या माणसाला पहिल्या दिवशी हे अवघड वाटते, तिसऱ्या दिवशी शहाणपणाचे वाटू लागते. आंघोळीचे म्हणाल तर दहा दिवसांत दोनदा झाली, आणि त्याची लाज वाटली नाही.

घराचा जीव स्वयंपाकघरात. मध्ये मोठी चूल, तिच्या भोवती नक्षीचे काम, भिंतीला फळ्यांवर तांब्या-पितळेची भांडी ओळीने मांडलेली, अगदी आपल्या आजीच्या मांडणीसारखी. चुलीच्या कडेने भिंतीलगत जमिनीवर गालिचे आणि समोर चोगत्से नावाचे बुटके मेज. तिथेच जेवण, गप्पा, अभ्यास, झोप. नाती शिकायला आम्हाला वेळ लागला नाही. आजोबांना 'मेमे-ले', आजीला 'आबी-ले', वडिलांच्या वयाच्या माणसाला 'आबा-ले', मोठ्या बहिणीला 'आचे-ले'. 'ले' म्हणजे आपला 'जी'. पत्नीचे माहेर सांगलीचे, तिकडे घरोघरी आबा. तिने यजमानांना पहिल्याच दिवशी 'आबा-ले' म्हटले ते आमच्या उच्चारात, आणि सगळे घर हसले.

खाण्याची बाब आमच्या भगिनींसाठी थोडी सविस्तर लिहितो. गुरगुर चा म्हणजे लोणी आणि मीठ घातलेला चहा. लांबट लाकडी नळकांड्यात दांड्याने घुसळतात, तो आवाज म्हणजे गुरगुर. चहा समजून प्यायलात तर तोंड वाकडे होईल, पातळ सार समजून प्यायलात तर आवडेल. खंबीर ही जाड, आंबवलेली, कडक सालीची रोटी, सकाळी लोण्याबरोबर. भाजलेल्या सातूचे पीठ घरात कायम तयार असते. ते चहात कालवून गोळा केला की पोटाला दुपारपर्यंत आधार. कणकेचे चपटे तुकडे, मुळा, बटाटा घालून शिजवलेला स्क्यू आम्हाला फार आवडला. आपल्या वरणफळांचा तो थंडीतला भाऊ. मांस भरपूर असते, पण शाकाहारी माणसाचे अडत नाही. छांग ही सातूची घरगुती दारू प्रत्येक पाहुण्यापुढे येते. आम्ही पंचशीलाचे कारण सांगितले. आबी-ले यांनी भुवया उंचावल्या, पण आमच्या पेल्यात त्यानंतर जर्दाळूचा रसच आला.

लोसरच्या दोन रात्री आधी गुथुक झाला. 'गु' म्हणजे नऊ. नऊ जिनसा घालून केलेला हा थुक्पा. त्यात कणकेचे मोठे गोळे सोडतात आणि प्रत्येकाच्या पोटात एकेक वस्तू दडवलेली असते. कुणाच्या वाट्याला काय येते त्यावरून त्याचा स्वभाव सांगायचा. कोळसा निघाला तर मनाचा काळा, मिरची निघाली तर बडबड्या, मीठ निघाले तर आळशी, लोकर निघाली तर मवाळ. कोळसा निघाला यजमानांच्या शाळामास्तर जावयाला, आणि त्याची पोरे ताटाभोवती नाचली. मला मिरची आली. पत्नीने त्यावर काही बोलायचे कारण नव्हते, पण ती बोलली.

पुढच्या रात्री मेथो. तरुण आणि पोरे पेटत्या मशाली घेऊन घोषणा देत निघतात. सरलेल्या वर्षाची पीडा, भुतेखेते हाकलायची, वस्तीच्या कडेला जाऊन मशाली भिरकावायच्या आणि मागे वळून घरी यायचे. अंधारात गोल फिरणारी आग पाहून अंगावर काटा आला हे खरे. भुतांवर माझा विश्वास नाही, बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात मी वाढलो. यजमानांच्या नातवाला विचारले, "तू भूत मानतोस का?" तो जम्मूला अभियांत्रिकी शिकतो. म्हणाला, "अंकल, मी थंडी मानतो. मशाल हातात असली की हात गरम राहतात."

त्याच दिवशी सकाळी घरची माणसे दहनाच्या जागी जाऊन गेलेल्यांच्या नावाने अन्न ठेवून आली. लडाखमध्ये काही घरांचा मिळून एक फास्पुन असतो. जन्म, लग्न आणि विशेषतः मृत्यू, या वेळी त्या घरांनी एकमेकांचे सगळे काम उचलायचे. ज्या घरात माणूस गेला त्या घराने फक्त दुःख करायचे. लाकडे, स्वयंपाक, पैशांचा हिशेब, सारे फास्पुन बघतो. आपल्या चाळींतून ही पद्धत एकेकाळी होती. बिल्डिंगी झाल्या आणि ती विरत चालली.

१३ तारखेला पहाटे उठवले. चुलीवर, खांबांवर, भांड्यांच्या फळ्यांवर पिठाचे पांढरे ठिपके होते. भिंतीवर पिठानेच काढलेला शिंगांचा आयबेक्स, म्हणजे डोंगरी रानबोकड. तो भरभराटीची खूण. कणकेचे छोटे आयबेक्सही करून मांडले होते. बुद्धमूर्तीपुढे लोण्याचा दिवा आणि पाण्याचे सात पेले. नवे कपडे, लांब लोकरी गोंचा, आणि प्रत्येक भेटीला 'जुले'. आम्ही त्रिशरण-पंचशील पालीत म्हटले. मेमे-ले डोळे मिटून ऐकत होते. 'बुद्धं सरणं' एवढे त्यांना कळले आणि त्यांनी हात जोडले.

तिसऱ्या दिवशी यजमान आम्हाला त्यांच्या मूळ गावी घेऊन गेले. लेहपासून गाडीने तासाभराच्या अंतरावर. एका मोठ्या घरात गाव जमले होते, आणि इथेच माझ्या सणाला गाठ बसली.

आत शिरण्यापूर्वीच वाद्यांचा आवाज आला. दामन म्हणजे नगाऱ्यांची जोडी, काठ्यांनी वाजवायची, आणि सुरना. ती ऐकताच मी थबकलो, कारण ती आपली सनई! शब्दही एकाच घरातला. मी मूळचा रत्नागिरी जिल्ह्यातला. कोकणातल्या जुन्या माणसांना खालूबाजा माहीत असेल. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी त्या वाजंत्र्याशिवाय हलत नसे, आणि वाजवायचे ते आमच्या वाड्याने. माझे आजोबा सनई वाजवत. देवळाच्या पायरीखाली उभे राहून.

आत माणसे ओळीने बसली होती. या ओळीला लडाखीत 'डल'सारखा उच्चार करतात, लिहिताना तो 'द्राल' होतो. ओळीला वरची बाजू आणि खालची बाजू असते. वर लामा, मग जुन्या मानाच्या घराण्यांतले, मग वयाप्रमाणे बाकीचे. नवा माणूस आत आला की ओळीत हालचाल होते: तुम्ही वर सरका, नाही तुम्ही सरका. ही अदब पाहायला छान वाटते. आम्हाला दूरचे पाहुणे म्हणून हाताला धरून पार वर नेले, लामांच्या जवळ. मी बसलो, चहा आला, आणि मग माझी नजर दाराकडे गेली. तिथे ओळ जिथे संपते त्याच्याही खाली, चपलांच्या जवळ, वाजवणारे बसले होते.

मी यजमानांना हळूच विचारले. ते म्हणाले, "ते मोन आहेत. त्यांची जागा तीच."

वाचक हो, लडाखच्या बौद्ध समाजात मनू नाही, चातुर्वर्ण्य नाही. तरीही प्रतिष्ठेची उतरंड आहे. वर राजघराणे, मग सरदार, मग सामान्य शेतकरी. त्याखाली तीन छोटे समाज: मोन, बेडा आणि गारा. मोन म्हणजे वाजंत्री, सुतारकामही करणारे. बेडा हे गावोगाव फिरून गाणे-वाजवणे करणारे. गारा म्हणजे लोहार. या तिघांशी शेतकरी घरे सोयरीक करीत नाहीत. परंपरेने त्यांच्या मुलांना गोम्पात भिक्खू म्हणून घेत नसत. ओळीत त्यांनी तळाला बसायचे. यजमानांनी सांगितले की त्यांच्या लहानपणी मोनांसाठी पेलाही वेगळा असे, आता तसे राहिलेले नाही. मोनांच्या वाद्याशिवाय मात्र काही होत नाही. लग्न, घोडदौड, मोठ्या लामांचे स्वागत, लोसर, सगळ्याची सुरुवात दामनच्या ठोक्याने. देवाला जागवायला त्यांचे हात चालतात. जेवायला बसताना तेच हात तळाला!

भारत सरकारने १९८९ साली लडाखच्या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा दिला. त्या यादीत बोत, बाल्टी, ब्रोकपा, चांगपा, पुरिगपा ही नावे आहेत आणि त्यांच्याच बरोबरीने बेडा, गारा आणि मोनही आहेत. सरकारी कागदावर सगळे एका ओळीत. आयुष्यभर यादी आणि रजिस्टर लिहिणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे विशेष जाणवले.

आणि धम्माच्या दृष्टीने पाहिले तर? 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी उपाली न्हाव्याची आणि सुनीत भंग्याची धम्मदीक्षा मुद्दाम सांगितली आहे. उपालीला शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा मिळाली, म्हणजे संघात तो त्यांना ज्येष्ठ, त्यांनी त्याला वंदन करायचे. बुद्धांनी ओळ लावली ती दीक्षेच्या क्रमाने. लडाखमध्ये बौद्ध धम्म हजार वर्षांहून जुना आहे, आपला १९५६ चा. तिथल्या श्रद्धेपुढे आपण लहान आहोत. पण ओळीच्या बाबतीत त्यांना आपल्याकडून काही घेता येईल, असे मला त्या घरात बसून वाटले. लगेच हेही आठवले की आपल्याकडेही पोटजात विचारून मुली बघणारे आहेतच.

मी तिथे काही बोललो नाही. दुसऱ्याच्या घरी सणाच्या दिवशी, मानाने वर बसवल्यावर, भाषण देणे मला जमणारे नव्हते. नाच सुरू झाला. पुरुषांची एक रांग, फार संथ पावले, हात वाऱ्यावर तरंगल्यासारखे. तासाभराने वाजवणारे थांबले आणि बाहेर उन्हात बिडी ओढायला गेले. मी यजमानांच्या नातवाला दुभाषा म्हणून घेऊन त्यांच्याकडे गेलो.

सुरना वाजवणारा साठीचा होता. मी म्हणालो, माझे आजोबाही हेच वाजवत. त्याला खरे वाटले नाही. आमच्या कपड्यांवरून आणि वरच्या जागेवरून त्याने आम्हाला मोठ्या घरचे धरले होते. मी सांगितले: १९५६ नंतर आमच्या वाड्याने धम्म घेतला आणि बाबासाहेबांच्या सांगण्याप्रमाणे गावकीची कामे सोडली. आजोबांनी सनई खाली ठेवली. त्या शिमग्यात पालखी अडली, आणि गावाने वर्षभर वाड्यावर बहिष्कार टाकला. दुकान बंद, शेतावरचे काम बंद. आजोबा मुंबईला आले, गिरणीत लागले, आणि पुन्हा कधी सनईला त्यांनी ओठ लावला नाही. घरात ती कापडात गुंडाळलेली होती, मी ती कधी ऐकली नाही.

तो ऐकत होता. मग त्याने विचारले, "मग आता तुमच्या सणाला कोण वाजवतो?"

मला एकदम उत्तर सुचेना. १४ एप्रिलला आपल्याकडे बँजो असतो, ढोल असतो, डीजे असतो, आपलीच पोरे वाजवतात. आंबेडकरी जलशांनी तर ढोलकी हाती घेऊन चळवळ गावोगाव नेली. तमिळनाडूत पराई या वाद्याला तिथल्या दलित कलावंतांनी मानाने पुन्हा हाती धरले आहे. हे सगळे मी सांगितले. तो म्हणाला, त्याचा मोठा मुलगा फौजेत आहे, धाकटा टॅक्सी चालवतो, दोघेही सुरना शिकले नाहीत. "मुले म्हणतात, वाजवले की लोकांना जात कळते. गावकरी म्हणतात, तुझ्यानंतर लोसर कसा होणार? मी गावकऱ्यांना सांगतो, तुमच्या मुलांना पाठवा, मी शिकवतो." एवढे सांगून तो हसला. "कुणी पाठवत नाही."

परतताना गाडीत यजमान बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी दुसऱ्याच बहिष्काराची गोष्ट काढली. १९८९ ते १९९२ या काळात लडाखमध्ये बौद्धांनी मुसलमानांवर सामाजिक बहिष्कार घातला होता. त्यापूर्वी लोसरला मुसलमान शेजारी भेटायला येत आणि ईदला बौद्ध त्यांच्याकडे जात. कित्येक घरांत सोयरिकीही होत्या. तीन वर्षे बोलणे, खरेदी, जेवण सगळे तुटले. "माझ्या कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी मी तीन वर्षे फक्त फायलीपुरते बोललो," ते म्हणाले. "तो आता लोसरला येतो. पण तीन वर्षे गेली ती गेलीच." २०१९ मध्ये लडाख वेगळा केंद्रशासित प्रदेश झाला. त्यानंतर राज्याचा दर्जा आणि सहावी अनुसूची या मागण्यांसाठी लेहचे बौद्ध आणि कारगिलचे मुसलमान एकत्र आले, हे आपण वर्तमानपत्रांत वाचतो. २४ सप्टेंबर २०२५ रोजी लेहमध्ये या आंदोलनाला हिंसक वळण लागून चार जणांचे प्राण गेले. ती बातमी पाहिल्याबरोबर मी यजमानांना फोन लावला. लागला दोन दिवसांनी. घरची मंडळी सुखरूप होती.

जाणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. लोसरची तारीख दरवर्षी बदलते, कधी डिसेंबरच्या मध्यावर तर कधी महिनाअखेरीला येते, म्हणून तिकीट काढण्यापूर्वी पंचांगाची तारीख विचारून घ्या. हिवाळ्यात पुष्कळ हॉटेले बंद असतात, उघडे असलेल्या ठिकाणी खोलीत बुखारी किंवा हीटर आहे का हे आधी पक्के करा. एकच जाड कोट नेण्यापेक्षा लोकरीचे थरावर थर घालावेत. परतीच्या तिकिटानंतर एक-दोन दिवस रजा शिल्लक ठेवा, हवा बिघडली की विमान उडत नाही. घरी राहायला मिळाले तर फार उत्तम. यजमानांना पैसे देऊ नका, भेट न्या. आम्ही नेलेले कोकम आणि काजू आबी-ले यांनी बुद्धमूर्तीपुढे ठेवले.

निघण्याच्या आदल्या संध्याकाळी तो सुरनावाला यजमानांच्या लेहच्या घरी आला. सणाला वाजवल्याबद्दल घरोघर पीठ, रोटी आणि थोडे पैसे द्यायची चाल आहे. यजमान म्हणाले, "आत ये, बस." तो आत आला आणि दाराजवळ, ओळीच्या तळाला बसला. माझी पत्नी तेव्हा आचे-ले यांच्याबरोबर कणीक मळत होती. तिने हात धुतले, आपला चहाचा पेला उचलला आणि जाऊन त्याच्याही खाली, उंबऱ्याला टेकून बसली. आबी-ले लडाखीत काहीतरी बोलल्या. नातवाने मान खाली घातली, यजमान चुलीत लाकूड सारू लागले. काय बोलल्या ते आम्हाला कुणी भाषांतर करून सांगितले नाही. पण त्या उठल्या, गुरगुर चहाची किटली घेऊन दाराकडे गेल्या, आणि पहिला पेला त्यांनी सुरनावाल्याचा भरला.

त्याने तीन पेले घेतले. पीठ पोत्यात भरले. जाताना नातवाकरवी आम्हाला सांगून गेला की फेब्रुवारीत लेहच्या राजवाड्याखाली दोसमोचे असतो, तेव्हा तो दोन्ही दिवस वाजवणार आहे, जमल्यास यावे.